डिझेलची गळती शोधायचा चमकणारा रंग आणि यूव्ही टॉर्च: ट्रकवर वापरून बघितला, सगळं सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. हा रंग डिझेलमध्ये टाकायचा, मग यूव्ही म्हणजे अतिनील टॉर्च मारला की गळती आहे तिथे तो चमकतो. रंग एकदम चांगला, टॉर्च सुमार, सोबतचा पिवळा चष्मा ठीकठाक. पाचपैकी चार देईन आणि एक कापलाय तो टॉर्चसाठीच. पण हे किट कुठल्या गळतीला कामाचं आहे आणि कुठल्या गळतीला अजिबात नाही हे बाटलीवर कुठेही लिहिलेलं नाही, आणि मला त्यातच जास्त वेळ गेला, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

गाडी सहा सिलिंडरची, जुन्या पद्धतीचा इनलाइन पंप, म्हणजे पंपापासून प्रत्येक नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) वेगळा लोखंडी पाइप. त्रास असा की केबिनमध्ये डिझेलचा वास, गाडी उभी केली की तो जास्त यायचा, आणि डिझेल फिल्टरच्या वाटीखाली कायम ओल. थेंब पडायचा पण धार नाही. मिस्त्रीने बघितलं, म्हणाला फिल्टरची रबर रिंग गेलीय. बदलली. चार दिवसांनी परत ओल. मग फिल्टरच्या डोक्यावरच्या बोल्टचे वायसर बदलले, परत तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये म्हणाले फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) पाझरतोय, तोही नवा बसवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीखाली हात फिरवला तर बोटं ओली. तीन वेळा सामान बदलून झालं आणि गळती जिथल्या तिथे, तेव्हा म्हटलं आता अंदाजाने एकही नट खोलायचा नाही.

कोणी म्हणेल एवढ्याशा थेंबाचं काय. हिशोब करून बघा, साधारण वीस थेंबांचा एक मिलीलिटर होतो, सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला १८० मिली आणि चोवीस तासांत चार लिटरच्या वर. माझी गळती एवढी नव्हती पण रस्त्यावर डिझेल सांडणं हीच मुळात वाईट गोष्ट आहे, वळणावर मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो आणि त्याला कळतही नाही कशाने घसरला. शिवाय डिझेल पेट्रोलसारखं लगेच पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तापलेल्या टर्बोवर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणारा जाड पाइप) ते बारीक फवाऱ्याने पडलं तर पेटतं, त्याला ठिणगी लागत नाही, साधारण २१० डिग्रीला डिझेल आपोआप पेट घेतं आणि लोडवर चढ चढताना मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर तापलेला असतो. म्हणून वास येत असेल तर तो शोधाच.

आता किट. एक छोटी बाटली, त्यात घट्टसर पिवळट हिरवा रंग, एक टॉर्च आणि पिवळ्या काचेचा चष्मा. टाकीत किती लिटर डिझेलला किती रंग टाकायचा ते बाटलीवर छापलेलं होतं, त्याच मापाने टाकला, जास्त टाकायचा मोह होतो पण टाकू नका, उगाच सगळीकडे हिरवं दिसत बसतं आणि नंतर धुताना जीव जातो. टाकी अर्धी असताना टाकला म्हणजे रंग कमी लागला. डिझेल पुढे जातं आणि वापरून उरलेलं रिटर्न पाइपने परत टाकीत येतं, त्यामुळे थोडी गाडी चालवली की आपोआप ढवळलं जातं, वेगळं काही करावं लागत नाही.

पण रंग टाकायच्या आधी इंजिन धुवा. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. जुनी ओल, ऑइलची चिकट, तिच्यावर बसलेली धूळ, हे सगळं तसंच ठेवून रंग टाकला तर नवीन डिझेल त्या मळात पसरतं आणि हातभर जागा चमकते, मूळ कुठे ते कळतच नाही. मी अल्टरनेटर आणि हवेच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, डीग्रीजर मारलं, ब्रशने घासलं, पाण्याने धुतलं आणि कंप्रेसरच्या हवेने कानाकोपरा कोरडा केला. यातच अर्धा दिवस गेला. किटची तारीफ करणारे बरेच लोक हा अर्धा दिवस सांगत नाहीत.

मग गाडी आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू, पंधरा वीस मिनिटं ठेवली, अंधारात टॉर्च मारला, काहीही नाही. फिल्टरची वाटी कोरडी, रिंग कोरडी, नवीन फीड पंप कोरडा. मला वाटलं किट बेकार. पण एक गोष्ट लक्षात आली, माझी ओल नेहमी फेरीवरून आल्यावरच असायची, उभ्या गाडीला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाडीने नेहमीची फेरी केली, त्यात चांगला लांब चढ आहे, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर इंजिन बंद करून केबिन उचलली आणि टॉर्च मारला.

तो क्षण सांगतो कसा होता. फिल्टरच्या डोक्यावर एक पिवळी हिरवी टिकली. तिच्या वर ब्रॅकेटच्या कडेने एक बारीक ओघळ, केसासारखा. ओघळ ब्रॅकेट संपल्यावर चौथ्या नंबरच्या पाइपवर चढला, पाइपच्या खालच्या अंगाने पुढे पुढे गेला, आणि जिथे तीन पाइप एकत्र पकडायची पट्टी असते तिथे येऊन थांबला. पट्टीच्या पुढे पाइप अगदी काळा कोरडा. म्हणजे डिझेल तिथून निघत होतं, पाइपवरून घरंगळत मागे यायचं, ब्रॅकेटवरून उतरायचं आणि फिल्टरच्या वाटीवरून टपकायचं, आणि आम्ही सगळे बिचाऱ्या फिल्टरला धरून बसलो होतो.

गळतीचं हेच आहे. डिझेल खाली उतरतं, आणि पंख्याच्या वाऱ्याने मागेही सरकतं, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही, जी ओली जागा सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे असेल तिथून शोधायला सुरुवात करायची. रंगाने ही वाट डोळ्यांनी दिसते, बोटाने चाचपून ती कळत नाही.

पट्टी खोलली तर आतलं रबर गायब. कधी गेलं कोण जाणे, आणि नुसती लोखंडी पट्टी पाइपवर घासून घासून पाइपला खाच पडली होती, खाचेच्या तळाशी बारीक चीर. आयडलिंगला पाइपमधला दाब कमी असतो, डिझेलही थोडंच जातं, म्हणून तेव्हा पाझरत नव्हतं. लोडवर दाब वाढला की चीर उघडायची. मिस्त्री गॅरेजमध्ये गाडी उभी करून बघायचा त्यामुळे त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं, त्याला मी दोष देत नाही.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. चालू इंजिनला असल्या पाइपजवळ हात नेऊ नका, गळती कुठे आहे ते बोटाने चाचपू नका. जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीतसुद्धा नोझल उघडायला साधारण दोनशे बारच्या आसपास दाब लागतो आणि नवीन कॉमन रेल गाड्यांमध्ये (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या) हजार ते दोन हजार बार आणि त्याच्याही वर असतो. सुईएवढ्या भोकातून निघालेली धार डोळ्याला दिसत नाही पण कातडीतून सरळ आत जाते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस म्हणतो काही नाही झालं. आतून मात्र डिझेल बोटाच्या पोकळ्यांमधून पसरत जातं आणि वेळ गेला तर बोट, कधी हातही जातो. असं झालं तर पट्टी बांधून घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटलला जायचं आणि तिथे स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं डिझेल आत गेलंय. चालू इंजिनला बघायचंच असेल तर लांब काठीला पुठ्ठा लावून तो पुढे धरा, धार असेल तर पुठ्ठ्यावर ओला डाग उमटतो. मला या किटचं सगळ्यात आवडलं ते हेच, इंजिन बंद करून, गार करून, शांतपणे बघता येतं.

दुरुस्ती. पाइपला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करून देतो म्हणणारे भेटतात, नको म्हणा. हे पाइप जाड भिंतीचे, आत बारीक भोक असलेले असतात आणि सहाही पाइपांची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली असते म्हणून तर काही पाइप असे विचित्र वळसे घेऊन गेलेले दिसतात. नवीन पाइपच बसवायचा. त्याला वाकवून जुळवायचं नाही, दोन्ही टोकं आपापल्या जागी ताण न घेता बसली पाहिजेत, आधी दोन्ही नट हाताने फिरवून बसवायचे आणि मगच पाना लावायचा. पंपाकडचा नट सोडताना खालच्या षटकोनी तुकड्याला दुसरा पाना लावून धरायचा, नाहीतर तो सोबत फिरतो आणि तिथे नवीन गळती सुरू होते. पाइप काढला की उघड्या तोंडांवर लगेच टोपण, मातीचा एक कण आत गेला तर नोझलची वाट लागते. आणि नट जीव लावून आवळायचा नाही, पाइपचं कोनासारखं टोक चेपलं की तो पुन्हा कधी नीट बसत नाही. किती आवळायचा ते इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क पाना वापरा.

मग पाइपमधली हवा काढली, नोझलकडचा नट सैल ठेवून सेल्फ मारला, डिझेल आलं, नट आवळला, गाडी सुरू. हे जुन्या पंपाच्या गाडीचं सांगतोय. कॉमन रेलच्या गाडीत असा नट सैल करून सेल्फ मारणं म्हणजे वर सांगितलेल्या संकटाला आमंत्रण आहे, अजिबात करू नका. तिथे एकदा सोडलेला हाय प्रेशर पाइप परत वापरायचा नाही असं बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते पाळा. आणि तसल्या गाडीत रंग टाकायच्या आधी तो त्या सिस्टीमला चालतो असं बाटलीवर स्पष्ट लिहिलंय का ते बघा, लिहिलं नसेल तर मी टाकणार नाही.

नवीन पट्टी रबरासकट बसवली. आता बघा, पट्टीचं रबर म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्याच्यापायी फिल्टर, वायसर, फीड पंप आणि शेवटी पाइप.

पाइप बदलल्यावर परत धुतलं, परत फेरी, परत टॉर्च, आणि परत चमक! पोटात गोळाच आला. पण नीट बघितलं तर ती ब्रॅकेटच्या सांध्यात अडकलेला जुना रंग होता, धुताना राहून गेलेला. त्यामुळे दुरुस्तीनंतरचं धुणं पहिल्यापेक्षा जास्त बारकाईने करा. त्याच वेळी दुसरी एक खरी चमक सापडली, पाचव्या नोझलवरच्या रिटर्न पाइपच्या बॅन्जो बोल्टखाली (मधून भोक असलेला, पाइपची कडी जोडायचा बोल्ट), नखाएवढी. तिथला तांब्याचा वायसर कोणीतरी जुनाच परत लावला होता. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, परत दाबल्यावर ते नीट पसरून बसत नाही आणि बारीक पाझर राहतो. आमच्या मिस्त्रीने तो वायसर लालसर होईपर्यंत तापवून गार केला की मऊ होतो हे दाखवलं, म्हणाला, "दादा, रस्त्यात अडलात तर हे करा, गॅरेजमध्ये असाल तर नवा टाका." आम्ही नवा टाकला, पाइपच्या कडीच्या वर एक आणि खाली एक, दोन्ही बदलायचे.

रंगाचा अजून एक उपयोग मला नंतर सुचला. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढून टॉर्चखाली धरली. फीड पंप किंवा मोठ्या इनलाइन पंपाचं सील आतून गेलं तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची लेव्हल वाढत जाते, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. रंग डिझेलमध्ये टाकलेला, ऑइलमध्ये नाही, मग डिपस्टिकवर पिवळं हिरवं चमकलं तर समजायचं डिझेल आत चाललंय. माझं ऑइल साफ निघालं. ऑइलची स्वतःची थोडी निळसर झाक दिसते, तिला घाबरू नका.

आता टॉर्चबद्दल. त्याचा उजेड जांभळा आहे आणि तो जांभळा इतका जास्त की धातूवरून परत येऊन डोळ्यात भरतो, बारीक चमक त्यात हरवते. असे स्वस्तातले टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात (हा उजेडाच्या लहरीचा आकडा, तो कमी असेल तर डोळ्याला दिसणारा जांभळा उजेड कमी). ओळखीच्या एकाकडून ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च आणून त्याच जागेवर मारला तर दिवसरात्रीचा फरक, आजूबाजूचं सगळं काळं आणि फक्त रंग पेटल्यासारखा. बॅन्जो बोल्टची चमक मला त्याच टॉर्चने दिसली, किटमधल्या टॉर्चने तिथे मी दोनदा बघून पुढे गेलो होतो. उघड्यावर दिवसा दोन्हीही कामाचे नाहीत, अंधार हवाच. आणि टॉर्च डोळ्यात मारून बघू नका, चष्मा आहे तो घाला.

फसवणाऱ्या चमकाही ओळखायला शिका. कापडाचे धागे, बोळ्याने पुसल्यावर चिकटलेला कापूस, धुण्याच्या पावडरचे डाग, हे सगळं निळसर पांढरं चमकतं. साधं डिझेलसुद्धा फिकट निळं दिसतं. रंग मात्र पिवळा हिरवा, आणि एकदा खरा बघितला की परत चूक होत नाही. म्हणून पहिल्यांदा वापरताना बाटलीच्या झाकणावरचा रंग टॉर्चखाली धरून नीट बघून ठेवा.

आता या किटला काय जमत नाही. पाइप झाला, वायसर झाला, इंजिन बाहेरून खणखणीत कोरडं, तरी सकाळी गाडी उठेना. हँड पंप (हाताने डिझेल ओढायचा पंप) मारला की लगेच सुरू. रात्री टॉर्च घेऊन टाकीपासून फीड पंपापर्यंत सगळी लाइन बघितली, एक ठिपका चमकला नाही. कारण साधं आहे, टाकी ते फीड पंप ही बाजू ओढणारी आहे, तिथे भोक असेल तर चालू इंजिनला डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते, आणि रात्रभर उभी असताना त्या हवेमुळे लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरून जातं. जे बाहेर येतच नाही ते चमकणार कसं. तिथे उपाय दुसरा, फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि गाडी सुरू करून बघितलं. बुडबुड्यांची रांगच रांग. मग टाकीकडून एकेक जोड पुढे सरकवत तो तुकडा लावत गेलो, बुडबुडे कुठून सुरू होतात ते बघत. टाकीनंतरच्या पहिल्या रबरी पाइपनंतर सुरू झाले. क्लिप काढली तर क्लिपच्या धारदार कडेने रबर कापलेलं, बोटाने वाकवल्याशिवाय चीर दिसतही नव्हती. डिझेलसाठीचाच नवा पाइप आणि गुळगुळीत कडेची क्लिप लावली, दुसऱ्या दिवशी अर्ध्या सेल्फला गाडी उठली. ती पारदर्शक नळी काम झाल्यावर काढून टाका, इंजिनच्या उष्णतेने आणि डिझेलने ती कडक होऊन तडकते, ती फक्त तपासण्यापुरती.

तर घ्यायचं कोणी? धार लागली असेल तर रंगाची गरजच नाही, डोळ्यांना दिसतंय. गाडी सकाळी उठत नसेल आणि बाहेर सगळं कोरडं असेल तर पारदर्शक नळी घ्या, हे घेऊ नका. ओल आहे, वास आहे, दोनतीन वेळा सामान बदलून झालंय आणि उभ्या गाडीला काहीच सापडत नाही, अशा वेळी याच्यासारखं दुसरं काही मला माहीत नाही. जुनी माणसं धुतलेल्या इंजिनवर खडूची किंवा टाल्कम पावडर मारतात, ओल लागली की पावडर काळपट होते. तेही चालतं, मी करून बघितलंय, पण भरल्या गाडीने लांब फेरी केली की वाऱ्याने निम्मी पावडर उडते, आणि माझी गळती तर लोडवरच निघणारी. मिळत असेल तर नुसती रंगाची बाटली घ्या आणि टॉर्च वेगळा, ३६५ चा.

बाटलीत अजून निम्मा रंग शिल्लक आहे. त्यानंतर भरल्या गाडीने बऱ्याच फेऱ्या झाल्या, दर आठवड्याला रात्री केबिन उचलून एकदा टॉर्च फिरवतो, फिल्टरची वाटी कोरडी आहे आणि केबिनमधला वास गेलाय. जुना पाइप टूल बॉक्समध्ये ठेवलाय, खाचेवरून नख फिरवलं की अडकतं.